भानुमतीची ओटी

—अहो बसा बसा, उठता काहून? शहागंजच्या बाजारात गेलेत ते, येतीलच इतक्यात. जाताना मला बजावून गेलेत, सर्कशीचे मॅनेजर येतील, त्यांना ओसरीवर बसव, चहा पाज, आन मी येईस्तोवर जास्त बोलू नको. आता बसवलंय तुम्हाला. चहा ठेवलाय. तिसरं काही माझ्याच्यानं व्हायचं नाय. तुम्ही लोक नानासाहेब म्हणता त्यांना, मला नाव घेता येत नाय, मी आपलं ‘हे’ म्हणते, तेवढं समजून घ्या. —टोपी ठेवा ना बाजूला. खरं सांगू, मला वाटलं होतं मॅनेजर म्हणजे पिळलेल्या मिशा असतील, हातात चाबूक असंल. तुम्ही तर आमच्या शाळेतल्या मास्तरावाणी दिसता. राग मानू नका. सांगलीकडचे म्हणे तुम्ही. तरीच इतके गुपचूप. आमच्या इकडं माणूस ओसरीवर टेकलं की चहाच्या आधी दहा गोष्टी सांगून मोकळं होतं.

आन मी काही परक्या माणसापुढं अशी बोलत बसणारी बाई नाय. पण तुम्ही आमच्या घरातलं माणूस न्यायला आलात, मंग चार गोष्टी विचारायला नको? मुली दिल्या तव्हा—एक जालन्याला दिली, एक पैठणला—तव्हा पाहुण्यांना काय काय विचारलं होतं, सासू कशी, पाणी किती लांबून आणावं लागतं, समदं विचारलं. मंग आमची भानुमती काय रस्त्यावर पडलीय? खायला काय घालता? आज छावणीच्या मैदानावर तंबू, उद्या आणखी कुठं, मंग तिला पायी नेता का रेल्वेनं? स्टुलावर उभी करता म्हणे. स्टुलावर! ती बघा तिकडं चिंचेखाली उभी हाय, पाठमोरी. आता तुम्हीच सांगा, त्या पायाखाली स्टूल ठेवायचं म्हणजे सुतार कुठून आणणार तुम्ही? —हसता काहून? मी गंमत नाय करत. बरं, थोडी करते.

कशी आली ती आमच्याकडं ते सांगितलंय का यांनी? नसंल सांगितलं. पोलीस अॅक्शन झाली, मागून जहागिऱ्या गेल्या, आन औरंगाबादेत एका नवाबाच्या देवडीतलं, म्हणजे वाड्यातलं, समदं विकायला निघालं—झुंबरं, गालिचे, घोडे, पानदानं. मी यांना म्हटलं, गावातले लोक जाऊन काय काय आणायलेत, तुम्ही मला एक मोठा आरसा आणा, उभ्यानं पदर दिसंल असा. व्हय म्हणाले, गेले. संध्याकाळी आमचं सारं गारखेडा गाव रस्त्यावर आलं, पोरं ओरडायला लागली, मी दारात येऊन बघते तर पुढं हे, फेट्याचा शेमला उडतोय, आन मागं हत्ती. आरसा कुठाय विचारलं तर म्हणले, विसरलो. माणूस आरसा आणायला जातो आन हत्ती घेऊन येतो, आन वर विसरलो म्हणतो! त्या दिवसापासून मी परातीतल्या पाण्यात बघून कुंकू लावते.

त्या हत्तीसंगं त्याचा माहूत बी आला, बाबूमियाँ. नवाबाचा जुना माणूस, हत्ती जाईल तिकडं तो. यांनी अंगणात उभं राहून हत्तीकडं नीट बघितलं—सुळे नायत. म्हणले, मादी हाय, लक्ष्मी चालत आली घरात. बाबूमियाँ काही तरी बोलायला गेला, पण यांच्यापुढं कोणी बोललंय कधी? आन मंग बारसं केलं. हसू नका, खरंच बारसं केलं. गावजेवण घातलं, चिंचेला तोरण बांधलं, बायकांनी पाळणा म्हटला. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्या वन्सं मनकर्णाबाई, त्या नेसल्या पैठणी आन चढल्या शिडीवर. खालून चौघांनी शिडी धरली, त्यातले दोघं डोळे मिटून, कारण वन्संनी काष्टा नव्हता घातला. कान एवढा सुपाएवढा, त्यात वन्सं ओरडल्या, भानुमती! आन तिनं तो कान असा हलवला की वन्सं शिडीवरून सरळ कडब्याच्या गंजीत. लोक म्हणले, बघा, लाजली.

तेच तर सांगते मी तुम्हाला. ती काही बी करो, लोक म्हणायचे बाईची जात, बाईची जात. आली तव्हा वयानं लहान होती, म्हशींच्या मधी जाऊन उभी राहायची, तर म्हणायचे, बघा कशी बायकांत बसायला लागते हिला. पुढं मोठी झाली, म्हशी नकोशा झाल्या, एकटीच बांधावर जाऊन उभी राहायला लागली, तर म्हणायचे रुसली. गोठ्याची मेढ उपटली तर म्हणले, घर आवरतेय. एकदा मनकर्णा वन्संच्या मालकांना सोंडेनं असं बाजूला सारलं, माणूस गेला उकिरड्यावर, तर म्हणले, परपुरुष अंगाजवळ आलेला खपत नाय, खानदानी हाय! आन आमचे हे. यांना तर निमित्तच मिळालं. मी जरा मोठ्यानं बोलले की इथंच, तुम्ही बसलात तिथं, सुपारी कातरत म्हणायचे, “आवडे, जरा शीक भानुमतीकडून. घातलं ते खाते, सांगितलं ते ऐकते, उलटून बोलत नाय. बाई असावी तर अशी.” रोज. भाजीत मीठ कमी—शीक भानुमतीकडून. पोरीच्या सासरी कडक कागद धाडला—शीक भानुमतीकडून. मी म्हणायचे, मला बी दोन मोळ्या ऊस टाका मंग बघा कशी गप बसते. ते म्हणायचे, ऊस झेपंल का. असं आमचं चालायचं.

खरं सांगू का मॅनेजरसाहेब, पोरी गेल्यापासून तेवढंच चालतं. हे बोलणारं माणूस नाय. चार माणसांत आवाज मोठा, घरात तोंड उघडायचं तर जेवायला वाढ आन दिवा बारीक कर. पण भानुमतीवरून एकदा सुरू झाले की घंटाभर आम्ही भांडतो. छान भांडतो. ती गेली तर आम्ही दोघं ह्या ओसरीवर कशावरून बोलायचं, तुमच्या स्टुलावरून? —जाऊ द्या. चहा प्या. गूळ जास्त पडला असंल.

बरं, मी काय म्हणत होते—तुम्ही मादी म्हणून घ्यायला आलात ना? शांत असते, पोरं पाठीवर बसवता येतात, म्हणून. मान हलवता म्हणजे व्हय समजते मी. तर तुम्हाला कोणी फसवलंय. मादीसारखं अवघड काही नाय. बाबूमियाँ सांगतो, नवाबाच्या फीलखान्यात, हत्ती बांधायचे तिथं, माद्या होत्या, त्यांचं असं—एकीला काटा लागला की बाकीच्या येऊन तिच्या अंगावरून सोंड फिरवणार, एकीला वैरण उशिरा आली की साऱ्या मिळून ओरडणार. तुम्ही एकटी नेली तर झुरून मरंल. आन जमात नेली तर एकीच्या मनात नसलं की कोणीच स्टुलावर चढायची नाय. आन नर? तो राहायचा लांब, वेगळ्या साखळीला. त्याला जवळ कोणी आलेलं खपत नाय, आन आलंच तर पुढं कोण आन मागं कोण ह्याच्यावर भांडण, आन भांडण नसलं तर उगीच झाडाला डोकं लावून ढकलत उभा. मी म्हटलं, बाबूमियाँ, तू फीलखान्याचं सांगतोस का आमच्या पंचायतीचं? तो म्हणला, “बाईसाहेब, सब मरद एकसरीखे नै रहते. कुछ दिल के नरम बी रहते.” असं म्हणून चिंचेकडं बघितलं त्यानं. —नाय, काही नाय. असंच बघितलं असंल.

पुन्हा हसलात तुम्ही. काय हाय तरी काय त्याच्यात हसण्यासारखं?

नाय नेणार तुम्ही तिला. ऐका माझं. गेल्या माघातली गोष्ट सांगते, मंग तुम्ही आपसूक टोपी घालाल. माघात तिच्या कानशिलावरून पाझरायला लागलं. डोळा आन कान ह्याच्या मधी, इथं, तेलासारखं चिकट, गालावरून खाली ओघळ आलेला. गावातल्या बायकांनी बघितलं आन त्यांचा जीव कळवळला—भानुमती रडते! काहून रडते? माहेरची आठवण येते. आता हिचं माहेर कुठं शोधायचं? नवाब तर हैदराबादेस गेला. मंग बायकांनी ठरवलं, आपणच माहेर होऊ. वन्सं म्हणल्या, मी ह्या घरची, म्हणजे मी सासरची, तुम्ही बाकीच्या माहेरच्या. खण आला, नारळ आला, सुपात तांदूळ घेतले, हळद-कुंकू घेतलं, आन साऱ्या गावच्या बायका वाजतगाजत आमच्या दारात, भानुमतीची ओटी भरायला! तिकडं बाबूमियाँ चिंचेखालून दोन्ही हात हलवतोय, “बाईसाहेब, पीछे हटाव सबकू, पीछे हटाव!” साखळ्या चारी पायांत घातलेल्या त्यानं. खाणंपिणं बंद. डोळे लाल. जमीन उकरायली. आन इकडं बायका म्हणतायत, बघा, आपल्याला बघून कशी आतुर झाली!

आता मी काय करू? खरं सांगावं तर यांनी केलेलं बारसं, वन्संची शिडी, गावजेवण, समदं पाण्यात. उद्या शहागंजात यांना कोणी तोंड दाखवू दिलं नसतं. आन न सांगावं तर ह्या जाणार त्याच्या पायाशी. मंग मी म्हटलं, बायांनो, ती आज नाजूक हाय, गर्दी नको, सूप माझ्याकडं द्या, मी घरची, मी एकटी जाऊन भरते, तुम्ही साऱ्या घरी जा. त्या पांगल्या आन मी गेले. त्याच्या जवळ—तिच्या जवळ. मला वाटलं आपल्याला ओळखतो, रोज हातानं भाकरी देतो आपण, आपल्याला काय करणार. —मंग काय. भरली ओटी. झालं.

हा हात? हा नाय हो, हा विहिरीच्या पायरीवरून घसरले त्याच दिवशी. जरा वाकडा बसला. भाकरी थापता येते, तेवढं पुरे. तुम्ही हाताकडं कशाला बघता, हत्तीकडं बघा ना.

…

बरं. तुम्ही डोळे काही हटवत नाय. सांगते मंग. तुम्ही सर्कशीचे, उद्या निघून जाणार, तुम्हाला सांगितलं काय आन विहिरीत बोललं काय. आन हे ऐकून तरी तुम्ही त्याला नेणार नाय. भानुमती मादी नाय. नर हाय. सुळे नायत म्हणून काय झालं, नर तो नर! आला त्याच पावसाळ्यात मला कळलं, विहिरीवर बाबूमियाँ अंघोळ घालत होता तव्हा. मी घागर टाकून दिली आन पदर तोंडात कोंबून हसत बसले. रोज मला ज्या बाईचा कित्ता गिरवायला सांगतात ती बाई ही! बाबूमियाँनं हात जोडले, म्हणला साहेबांना सांगू नका, नराला कोण ठेवतं, देवडीत परत गेला तर उपाशी मरंल. मी सांगते कशाला? माझ्यासारखी मजा कोणाची नव्हती. यांनी म्हणावं, शीक, आन मी म्हणावं, शिकते, आन विहिरीवर जाऊन त्याला सांगावं, बघ रे, आज पुन्हा तुझी शिकवणी झाली. तो कान हलवायचा. ह्या घरात माझ्यासंगं हसणारं दुसरं कोण होतं? मला तो इथून जायला नकोय, मॅनेजरसाहेब. स्पष्टच सांगते. त्यानं सोंडेनं उचलून मला कडब्यापर्यंत फेकलं, हात मोडला, तरी नकोय. त्याच्यात त्याचा काय दोष? बाबूमियाँ म्हणतो, नर वयात आला की ही मस्ती येतेच, दरसाल येणार, महिना-दोन महिने तो त्याचा नसतो. बाकीचं सारं वर्ष तो तसा नाय. सगळ्यांनी त्याला बाई समजून माया केली, तशी त्यानं बी केली. आता माघ आला की मी लांब राहीन, बास. पण तुमच्या तंबूत पोरं असतात, बायका असतात. तुम्हाला कसा चालणार असला? म्हणून म्हणते, टोपी घाला.

घाला ना. —हसताय काय? घाबरायचं सोडून?

काय म्हणालात? मकना? म्हणजे बिनसुळ्याचा नर, त्याला नावच हाय तसं? असंल. आन तंबूचे खांब उचलायला तुम्हाला नरच पाहिजे, मस्तीत ठेवायला सांगलीकडं वेगळी जागा हाय. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आल्याबरोबर बघून ओळखलं असंल तुम्ही, तुमचा धंदाच हाय तो. नाय? मंग कोणी सांगितलं? बाबूमियाँनं?

कोणी? —यांनी?

आमच्या यांनी सांगितलं तुम्हाला, हत्ती नर हाय म्हणून? नाय, तुमच्या ऐकण्यात गल्लत झाली असंल, त्यांना कुठून… कधी कळलं म्हणले? बारशाच्या दुसऱ्याच महिन्यात. म्हणजे माझ्या बी आधी? आन मंग इतकी वर्षं शीक तिच्याकडून, बाई असावी तर अशी, ते समदं… मनात हसत होते तर! हे इथं सुपारी कातरत हसत होते आन मी तिथं विहिरीवर हसत होते. अहो, एका घरात राहतो आम्ही!

आन मला काहून नाय सांगितलं? —काय म्हणले? पुन्हा सांगा. “मंडळींना कळू देऊ नका, तिला ती मादीच वाटते, गावच्या बायका घेऊन ओटी भरते, तिचा हिरमोड होईल.” असं म्हणले? हिरमोड होईल. तिचा. म्हणजे माझा.

म्हणून तुम्ही गप बसून हसत होता होय.

आन विकतात काहून? तेवढं सांगा. मला म्हणले होते, चारा परवडत नाय. ऊस आमच्या शेतात उभा हाय आन चारा परवडत नाय, तव्हाच मला खटकलं होतं. सांगा ना. तुमची बी नजर खाली गेली आता. —माडीवरून बघितलं? मला फेकलं ते? काय सांगता. मी तर कोणालाच… ते धावत आले होते, व्हय, अनवाणी आले होते, मी बाबूमियाँला म्हटलं काही बोलायचं नाय, आन यांना म्हटलं, पायरीवरून पाय घसरला. का म्हटलं सांगू? यांना कळलं असतं तर छावणीतून बंदूकवाला आणून त्याला तिथंच पाडला असता, असं वाटलं मला. त्यांनी नुसता माझा हात बघितला. आन दुसऱ्या दिवशी सकाळी, अहो, गडी माणसं असताना स्वतः खाली बसून विहिरीच्या पायऱ्या खरवडल्या. मला म्हणले, शेवाळ लई झालंय. माघात कसलं शेवाळ? पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. मी माडीच्या खिडकीतून बघत मनात म्हटलं, फसले. पुरते फसले. आन ते तिथं खरवडत काय म्हणत होते मनात, ते मला आज तुम्ही सांगताय, सांगलीहून येऊन.

पुढच्या माघाच्या आत त्याला घालवायचा म्हणले? रडले का हो बोलताना? नाय, ते कसले रडतात. पण आवाज कसा होता? बारीक होता का? —राहू द्या. तुम्ही नका सांगू. ते तरी त्यांनी मला सांगावं.

उठा तुम्ही आता. नाय, नाय, रागावले नाय, देवाशपथ नाय. चहा राहिला तर राहू द्या. हत्तीचं काय ते आता मी आन ते ठरवू. आजवर एकमेकांना काही कळू नये म्हणून दोघांनी वेगवेगळं सांभाळलं त्याला, आता मिळून बघतो जमतंय का. बहुतेक नाय मिळायचा तुम्हाला. माघापासूनचे दोन महिने यांनी माझा हात धरून ठेवावा म्हणजे झालं, मी जात नाय चिंचेकडं. —टांगा थांबला बघा दारात. आलेच ते. तुम्ही इकडून, मागल्या दारानं जा, पुढून नका जाऊ, तुम्ही समोर दिसलात की ते मोठ्या आवाजात बोलायला लागतील. मला त्यांच्याशी बोलायचंय. जा ना हो, जा.